सोफ्याची तक्रार, फोमचं वजन आणि कस्टमर केअर

आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा फिजिओवाल्या मॅडमनी घर बघूनच सांगितलं की हा सोफा काढा. जुना सोफा इतका खोल गेलेला की बसलं की गुडघे वर आणि कंबर खाली, आणि उठताना आईला दोन्ही बाजूनी कोणीतरी धरायला लागायचं. त्यांनी स्पष्ट सांगितलं, सीट जमिनीपासून साधारण १८ इंच पाहिजे, बसल्यावर दबून खाली जाता कामा नये, आणि हाताला टेकायला आर्मरेस्ट भक्कम पाहिजे. म्हणजे आमच्यासाठी सोफा ही हौस नव्हती, हे आधीच सांगते, कारण पुढे कस्टमर केअरवाल्यांना हे मी इतक्या वेळा सांगितलं आणि दर वेळी समोरून "सॉरी फॉर द इन्कन्व्हीनियन्स मॅम" एवढंच आलं.

आम्ही डोंबिवलीत राहतो, त्यामुळे फर्निचर म्हटलं की पहिलं नाव उल्हासनगरचं येतं. तिकडे जाऊन आलो. एका दुकानात मालकाने सोफ्याची खालची काळी जाळी उचकटून आतली फ्रेम दाखवली, कुठलं लाकूड, कुठे प्लाय, पट्टे कसे मारलेत, फोम हातात दिला. चांगला माणूस होता. पण घरात सगळ्यांचं म्हणणं पडलं की बिल पक्कं मिळेल का, उद्या काही झालं तर कोणाकडे जायचं, त्यापेक्षा मोठी कंपनी बरी, वॉरंटी आहे, वेबसाइट आहे, टोल फ्री नंबर आहे. हा विचार चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही, पैसे टाकताना माणूस मागे कोणीतरी उभं आहे का हेच बघतो. पण टोल फ्री नंबर असणं आणि त्या नंबरवर कोणी जबाबदारी घेणारं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे नंतर कळलं.

कंपनीचं नाव लिहीत नाही. मोठी शोरूम, एसी, कॉफी, आणि सेल्सचा मुलगा खरंच मन लावून दाखवत होता. थ्री सीटर आणि त्याला जोडलेलं लाउंजर, म्हणजे आपण ज्याला एल शेप म्हणतो तो. शोरूममधला पीस मस्त कडक होता, आईला नेलं होतं, ती दोनदा बसून स्वतःची स्वतः उठली, तेव्हाच ठरलं. मी विचारलं फोम कुठला, तर तो म्हणाला ४० डेन्सिटी मॅडम, एचआर फोम, म्हणजे हाय रेझिलियन्स, दबला तरी पटकन वर येणारा. म्हटलं हे ऑर्डरवर लिही. त्याने लिहिलं. सीट हाइट १८ इंच, तेही लिहिलं. कापडाचा शेड नंबर लिहिला. आणि लाउंजर कुठल्या बाजूला हे मी पेनाने चित्र काढून दिलं, भिंत, टीव्ही, बाल्कनीचं दार, सगळं, आणि बाण काढून "समोरून बघताना उजवीकडे" असं लिहिलं. त्याचा फोटो त्याला व्हॉट्सअपवर पाठवला, त्यावर त्याचा रिप्लाय आला "ओके मॅडम नोटेड". ६८,५०० रुपये, जीएसटी धरून. ऑर्डर त्याने शोरूममध्ये बसूनच त्यांच्या वेबसाइटवरून टाकली, माझ्या मोबाइल नंबरने अकाउंट काढून, म्हणाला आमची सगळी सिस्टीम ऑनलाइनच आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे हिचाच उपयोग झाला.

अर्धे पैसे बुकिंगला आणि उरलेले डिस्पॅचच्या आधी. इथेच खरं तर गिऱ्हाइकाच्या हातातली दोरी सुटते. माल अजून बघितलेला नसतो आणि पैसे पूर्ण गेलेले असतात. माझं मत विचाराल तर ही पद्धतच चुकीची आहे, निदान थोडी तरी रक्कम माल घरात बसवून झाल्यावर घ्यायला पाहिजे, उल्हासनगरवाला तसं करायला तयार होता. इथे सिस्टीममध्ये तो ऑप्शनच नाही असं उत्तर आलं.

तारीख पुढे गेली, परत पुढे गेली, त्यावर फार लिहीत नाही, ते सगळ्यांच्याच बाबतीत होतं.

डिलिव्हरीच्या दिवशी दोन पोरं आणि एक टेम्पो. आमच्या सोसायटीत सामान आणायचं तर आधी ऑफिसात नोंद करायची, दुपारची ठरलेली वेळ, लिफ्टला आतून पत्रा लावायचा, हे सगळं मी करून ठेवलं होतं. थ्री सीटर लिफ्टमध्ये उभा बसला, लाउंजर बसेना. मग पोरं म्हणाली जिन्याने न्यावं लागेल, माळ्यामागे ३०० रुपये. आम्ही सहाव्या मजल्यावर. बिलावर होम डिलिव्हरी इन्क्लूडेड लिहिलंय, ऑर्डर घेताना मजला विचारला होता, लिफ्टचं माप विचारलं होतं, मग हे १,८०० कशाचे? शोरूमला फोन लावला तर म्हणे ते ट्रान्सपोर्टवाल्याशी तुम्ही बघा. पण ती पोरं उन्हात उभी होती, त्यांना ट्रान्सपोर्टवाला मजल्याचे काही देत नाही हे त्यांनी सांगितलं आणि ते मला खरं वाटलं, सहा मजले ते वजन खांद्यावर घेऊन चढणाऱ्या माणसाशी मी पैशावरून भांडणार नाही. दिले. जीपेने दिले म्हणजे नोंद राहील. हे पैसे कंपनीने द्यायचे होते, त्या पोरांनी नाही आणि मीही नाही.

वर आणून जोडायला घेतला आणि लगेच दिसलं. लाउंजर उलट्या बाजूला. बाल्कनीच्या दारासमोर बरोब्बर आडवं. दार अर्धंच उघडत होतं, कपडे वाळत घालायला जायचं तर अंग चोरून जायचं, आणि वॉकर घेऊन चालणारी आई तर जाऊच शकत नव्हती. मी म्हटलं हा परत न्या. पोरगा म्हणाला, "मॅडम वापस ले जाने का ऑर्डर नहीं है, आप ओटीपी दे दो, बाकी कस्टमर केअर देखेगा." ओटीपी हा प्रकार नीट समजून घ्या. तुमच्या मोबाइलवर जो मेसेज येतो त्यात चार आकडे असतात आणि खाली लिहिलेलं असतं की हा ओटीपी देणं म्हणजे माल चांगल्या स्थितीत मिळाला असं मान्य करणं. मी तो मेसेज वाचला आणि दिला नाही. त्यांच्याकडचं कागदी चलन घेतलं, त्यावर हाताने लिहिलं, "लाउंजर ऑर्डरपेक्षा उलट बाजूचे आले आहे, माल मान्य नाही, फोम व इतर तपासणी बाकी", तारीख, वेळ, सही, पोराचीही सही घेतली, फोटो काढला, तो शोरूमच्या नंबरवर आणि कंपनीच्या मेलवर पाठवला, आणि मग ओटीपी दिला कारण त्याशिवाय त्या दोघांची ट्रिप बंद होत नव्हती आणि त्यांचा दिवस कापला गेला असता.

आता कस्टमर केअर. ज्यांनी अनुभवलंय त्यांना वेगळं सांगायला नको. एक दाबा, तीन दाबा, मोबाइल नंबर टाका, गाणं ऐका. मग कोणीतरी उचलतं, सगळं पहिल्यापासून सांगायचं, तिकीट नंबर मिळतो, ४८ ते ७२ तासांत कॉल येईल. कॉल येत नाही. मग मेसेज येतो की तुमची तक्रार सोडवून बंद करण्यात आली आहे. कोणी सोडवली, काय सोडवलं, काही नाही. परत फोन केला की नवीन माणूस, नवीन तिकीट, परत पहिल्यापासून. जुनं तिकीट उघडता येत नाही कारण ते "रिझॉल्व्ड" आहे. मला सगळ्यात जास्त राग याचा आला. माझी तक्रार नवीन तिकिटाने दर वेळी आज जन्मल्यासारखी होत होती, म्हणजे त्यांच्या रेकॉर्डवर एकही तक्रार जुनी नाही, सगळ्या दोन-तीन दिवसांच्या, आणि बंद झालेल्या कितीतरी. वरच्या साहेबांना जो रिपोर्ट जात असेल त्यात आमचं घर सुखी घरच दिसत असणार. फोनवरच्या मुलीला मी एकदा विचारलं की तू हे बंद का केलंस, तर ती हळूच म्हणाली मॅम आम्हाला दिवसाला अमुक इतकी क्लोज करावीच लागतात. तिला दोष देऊन काय करणार.

बाजूवरून जो वाद झाला तो लिहितेच कारण एल शेप घेणाऱ्या प्रत्येकाला याचा उपयोग होईल. त्यांचं म्हणणं, तुम्ही आरएचएस म्हणजे उजवी बाजू मागितली आणि आम्ही उजवीच दिली. कशी, तर सोफ्यावर बसल्यावर उजवीकडे. मी म्हटलं, ऑर्डरवर चित्र आहे, "समोरून बघताना" असं लिहिलंय, आणि तुमच्याच वेबसाइटवर जे चित्र आहे त्यात पण समोर उभं राहून बघतानाचीच उजवी बाजू दाखवलीय. त्यावर उत्तर, फॅक्टरीला फक्त कोड जातो मॅम, चित्र जात नाही. म्हणजे मी इतकं नीट काढून दिलेलं चित्र शोरूमच्या टेबलावरच राहिलं. आणि तो सेल्सचा मुलगा? तो नोकरी सोडून गेला. शोरूममध्ये विचारलं तर मॅनेजर म्हणाला, त्याने तुम्हाला काय सांगितलं ते आम्हाला माहिती नाही. मी व्हॉट्सअप उघडून दाखवलं, नंबर शोरूमचाच, डीपी शोरूमचाच, "ओके मॅडम नोटेड" तिथेच. मग तो गप्प बसला, पण केलं काहीच नाही.

तोवर दुसरं प्रकरण सुरू झालं. आई बसत होती ती जागा खाली जायला लागली. नवीन सोफा, आणि ती बसली की सीट १४ इंचावर, मी टेपने मोजलं, परत तिला उठायला हात द्यायला लागतोय. तिने एकदा तर जेवणाच्या लाकडी खुर्चीवरच बसायला सुरुवात केली आणि वर म्हणाली अगं असू दे, मला हीच बरी. मला ते फार लागलं.

परत तिकीट. या वेळी मात्र कंपनीने सर्व्हिसवाला पाठवला. पन्नाशीचे, हातात पिशवी, उत्तर प्रदेशचे पण इतकी वर्षं इकडे की मराठी सरळ बोलत होते. त्यांना फक्त फोटो काढून ॲपवर टाकायचे होते, दुरुस्ती करायची परवानगी नव्हती. चहा घेताना म्हणाले, "ताई, मी काही लिहून देणार नाही, माझं पोट आहे, पण कव्हरची चेन उघडा, आतला फोम बाहेर काढा आणि वजन करा." मला आधी कळलंच नाही वजन कशाचं. मग त्यांनी समजावून सांगितलं आणि मी नंतर नीट वाचलं पण.

तर फोमची डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोमध्ये वजन. ४० डेन्सिटी म्हणजे एक घनमीटरला ४० किलो. म्हणजे १० सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच उंच असा चौकोनी तुकडा कापला तर तो ४० ग्रॅम भरायला पाहिजे. कापायची पण गरज नाही, अख्ख्या गादीचं माप घेतलं तरी चालतं. आमची सीटची गादी ६० बाय ६० सेंटिमीटर, जाडी साडेबारा सेंटिमीटर. गुणाकार केला की ०.०४५ घनमीटर येतं, त्याला ४० ने गुणलं की १ किलो ८०० ग्रॅम. वरती जो पांढरा कापसासारखा थर असतो, रेक्रॉन म्हणतात, तो काढून ठेवायचा आणि नुसता फोम वजनाला लावायचा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढला, त्यावर उपडं पातेलं, त्यावर गादी, पातेल्याचं वजन आधी शून्य करून घेतलं. आकडा आला १ किलो ३०० ग्रॅमच्या आसपास. दुसरी गादी लावली, तेवढंच. म्हणजे डेन्सिटी २९ पण नाही. भाजीवाल्या भाऊंच्या काट्यावर पण करून बघितलं, मुद्दाम, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की घरचा काटा बिघडलेला. तिथेही तेच.

सर्व्हिस रिपोर्टमध्ये काय आलं तर, "कस्टमर फीलिंग सॉफ्ट, फोम कम्फर्ट इज पर्सनल प्रेफरन्स, नो मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट". आता इथे एक बारीक गोष्ट आहे जी त्यांना पक्की माहिती असणार. फोम मऊ की कडक हे वेगळं आणि डेन्सिटी वेगळी. कमी डेन्सिटीचा फोम पण सुरुवातीला कडक लागू शकतो, पण त्यात माल कमी असतो म्हणून तो लवकर दबतो आणि परत वर येत नाही. म्हणून शोरूममध्ये बसून काही कळत नाही. मऊ लागणं पर्सनल असेल, पण १ किलो ८०० आणि १ किलो ३०० यात पर्सनल काय आहे? ऑर्डरवर आकडा लिहिलाय, आकडा काट्यावर मोजता येतो. मी हेच लिहून, काट्यावर गादी ठेवलेला फोटो जोडून मेल केला. उत्तर आलं की मेड टू ऑर्डर प्रॉडक्ट्सवर नो रिटर्न नो रिफंड, पण गुडविल म्हणून ३,००० रुपयांचं कूपन देतो, पुढच्या खरेदीवर वापरा. याच लोकांकडून अजून खरेदी करायची.

आमच्या समोर राहणाऱ्या काकू मुंबई ग्राहक पंचायतीच्या संघात वर्षानुवर्षं आहेत. पंचायत १९७५ पासूनची, महिन्याचं वाणसामान एकत्र मागवून घराघरांत वाटून घेणारे त्यांचे संघ मुंबई-ठाण्याकडच्या लोकांना माहिती असतील. काकू म्हणाल्या, फोनवर बोलणं बंद कर. तू जितकी बोलशील तितकं त्यांना बरं, बोललेलं हवेत जातं. आता जे काही ते लिहून आणि बरोबर माणसाला. त्यांनीच सांगितलं की ऑर्डर वेबसाइटवरून झालीय ना, मग वेबसाइटवर खाली ग्रीव्हन्स ऑफिसरचं नाव असतं ते शोध. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत आहे की ऑनलाइन विकणाऱ्याने तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क वेबसाइटवर टाकलाच पाहिजे, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती सोडवायची. खरंच होतं, अगदी तळाला, बारीक अक्षरात, प्रायव्हसी पॉलिसीच्या पानात. तिथे मेल केला आणि पहिल्यांदा एका माणसाचं नाव असलेलं उत्तर आलं, "टीम कस्टमर डिलाइट" असं नाही. उत्तरात काही नव्हतं, तपास करतो एवढंच, पण पोच मिळाली.

त्याच आठवड्यात १९१५ ला फोन केला. ही सरकारची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १७ भाषांत चालते, मराठीत बोलता येतं, मी मराठीतच बोलले. व्हॉट्सअपवर पण तक्रार टाकता येते, ८८००००१९१५. ऐकणाऱ्या बाईंनी मधे तोडलं नाही, बिल नंबर, रक्कम, काय हवंय ते विचारलं आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, दिला. हे लोक कंपनीला आदेश देऊ शकत नाहीत, हे त्या स्वतःच सांगतात, ते तक्रार कंपनीकडे पाठवतात आणि उत्तर मागवतात, कोर्टात जायच्या आधीची पायरी आहे ती. पण कंपनीत ही तक्रार वेगळ्या माणसाकडे जाते असं दिसतं. फरक लगेच पडला, फोन यायला लागले. मात्र कंपनीने तिथेही "रिझॉल्व्ड, कूपन ऑफर्ड" असं टाकून दिलं. तिथे फीडबॅकमध्ये मी लिहिलं की सोडवलेलं नाही, कूपन मागितलेलं नाही, घेतलेलं नाही.

मग नोटीस. वकील केला नाही. काकूंच्या ओळखीच्या एका कार्यकर्त्याने मसुदा बघून दिला, लिहिली मीच, मराठीत आणि सोबत इंग्रजी प्रत, दीड पान. काय ठरलं, काय आलं, कधी कळवलं, त्यांनी काय उत्तर दिलं, एवढंच, एकही विशेषण नाही. तो कार्यकर्ता म्हणाला की राग पहिल्या मसुद्यात काढा आणि तो मसुदा फाडून टाका, आणि मी अगदी तसंच केलं. सोबत ऑर्डरची प्रत, चित्र, "नोटेड"चा स्क्रीनशॉट, चलनाचा फोटो, काट्याचे फोटो, १,८०० ची नोंद, आणि आईच्या डॉक्टरांचं सीट हाइटबद्दलचं पत्र. मागणी अशी की १५ दिवसांत ऑर्डरप्रमाणे सोफा द्या नाहीतर ६८,५०० परत द्या, आणि मजल्याचे १,८०० द्या. "नो रिटर्न" छापलंय म्हणून सदोष माल परत घ्यायला नकार देता येत नाही, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये अनुचित व्यापारी प्रथेच्या व्याख्येतच हे लिहिलेलं आहे, कलम २(४७), बिलात मुदत नसेल तर ३० दिवस धरतात, ते कलम घातलं. आणि शेवटी हे की असं न झाल्यास ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करेन. कंपनीचं ऑफिस दुसऱ्या राज्यात आहे पण या कायद्याने आपण जिथे राहतो तिथल्या आयोगात जाता येतं, हा फार मोठा फायदा आहे, बऱ्याच जणांना माहितीच नसतं, कंपनीचे लोक तर बिलावर छापतात की सगळे वाद अमुक शहरात. स्पीड पोस्टने, पोचपावती लावून, एक प्रत रजिस्टर्ड ऑफिसला आणि एक शोरूमला.

पोचपावती आली आणि नंतर लगेचच एका रीजनल मॅनेजरचा फोन. अतिशय नम्र. पहिली ऑफर, सोफा राहू दे, आम्ही फक्त फोम बदलतो. नाही. दुसरी ऑफर, लाउंजर बदलतो, फोमसाठी १०,००० परत. नाही, आईला पैशावर बसायचं नाहीये. हे मी शांतपणे म्हटलं, ओरडायची गरज राहिली नव्हती कारण सगळं कागदावर होतं. मग त्यांनी मान्य केलं की नवीन लाउंजर योग्य बाजूचं आणि सगळ्या सीटच्या गाद्या ४० डेन्सिटीच्या. मी म्हटलं मेलवर पाठवा, आणि त्यात लिहा की गाद्या दारात वजन करून घेतल्या जातील. दोन दिवस तो मेल येईना. कायदा विभाग बघतोय म्हणे. आला शेवटी, वजनाच्या ओळीसकट.

बदली माल आला त्या दिवशी टेम्पोबरोबर तेच सर्व्हिसवाले काका आले होते. माझ्याकडे बघून काही बोलले नाहीत, मीही ओळख दाखवली नाही, त्यांची नोकरी आहे. काटा दारातच मांडून ठेवला होता. पहिली गादी १ किलो ८२०. दुसरी १ किलो ८००. तिसरी १ किलो ४५०. तिसरी म्हणजे लाउंजरच्या बाजूची, वाटलं असेल की कोण सगळ्या मोजतंय. ती परत पाठवली, चलनावर आकडा लिहून, आणि ती यायला अजून वेळ गेला, पण आई बसते ती जागा त्याच दिवशी नीट झाली. उंची टेपने बघितली, ती बसल्यावर १७ च्या वर राहते. ती उठली, आर्मरेस्टवर हात टेकून, कोणाला हाक न मारता, आणि सरळ बाल्कनीत गेली तुळशीला पाणी घालायला. नवीन लाउंजरचा कापडाचा शेड बाकीच्या सोफ्यापेक्षा किंचित गडद आहे, दुसऱ्या लॉटचं कापड असणार, त्याबद्दल मी भांडले नाही, जे महत्त्वाचं होतं ते मिळालं होतं.

मजल्याचे १,८०० मात्र अजून आलेले नाहीत. मेलमध्ये "विल बी प्रोसेस्ड" लिहिलंय. शोरूम म्हणते ट्रान्सपोर्टकडून येतील, ट्रान्सपोर्टवाला म्हणतो कंपनीने सांगितलं नाही. रक्कम छोटी आहे, घरात सगळे म्हणतात सोड आता. पण बिलात डिलिव्हरी धरलेली असताना हे पैसे प्रत्येक सहाव्या, दहाव्या मजल्यावरच्या घरातून असेच जात असणार आणि ज्यांनी ओझं वाहिलं त्यांना ते हक्काने मिळत नाहीत, मागून घ्यावे लागतात, हे मला पटत नाही. ई-जागृती, म्हणजे ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार टाकायचं सरकारी पोर्टल, त्यावर माझा लॉगिन आहे, तक्रारीचा मसुदा तिथे भरून ठेवलाय, कागद अपलोड केलेत, फक्त सबमिट करायचं बाकी. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा आयोगात फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, ती अजून बरीच बाकी आहे. कायद्यात तीन महिन्यांत निकालाचा प्रयत्न म्हटलंय, माल लॅबला पाठवायला लागला तर पाच, प्रत्यक्षात तारखा लांबतात हे काकूंनी आधीच सांगून ठेवलंय. ग्रीव्हन्स ऑफिसरला शेवटचा मेल सोमवारी गेलाय, महिनाअखेरपर्यंत वाट बघणार आणि मग सबमिट करणार.